शेळीने चाटलेली रेघ

परवा लेकीच्या शाळेत कबड्डीचं मैदान आखत होते. चुन्याच्या फक्कीचा वास नाकात शिरला आणि मी थेट वैरागच्या मुलींविरुद्धच्या आमच्या शाळेच्या फायनलमध्ये पोचले.

त्या दिवशी फक्की संपली, म्हणून सरांनी खिचडीच्या खोलीतलं ज्वारीचं पीठ आणून रेघा ओढल्या. मध्यंतरात हत्तीएवढी शेळी आली आणि बाजूची अख्खी रेघ चाटून गेली.

गुण बरोबरीत होते. शेवटच्या चढाईत मी एक गडी मारून परत पळाले, तोच त्यांची कॅप्टन ओरडली, "सर, ही रेघंभायेर गेली!"

"रेघ कुटं हाय? दाव की!" मी म्हटलं.

पंचांनी मातीकडे बघत गुण आम्हाला दिला. ढाल आमची! सोलापूर हादरेल एवढ्या आम्ही नाचलो.

हे सगळं ऐकून लेक म्हणाली, "आई, खरं सांग. पाय बाहेर होता?"

"चांगला हातभर!"