मालतीअक्कांचा कॉम्प्युटर

परवा खण आवरताना कार्बन पेपरचा जुना डबा उघडला, आणि त्या तेलकट वासासरशी मी जळगावला, नानांच्या ऑफिसात जाऊन पोचले.

नानांची वकिली जळगावातल्याच पिंप्राळ्यात, दोन खोल्यांत चालायची. मी पुण्याच्या मोठ्या फर्ममधून त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून आले होते. त्या फर्ममध्ये कॉम्प्युटर आले आणि महिनाभरात टायपिस्टांची खोलीच बंद झाली. इथे टायपिस्ट एकच, मालतीअक्का.

कॉम्प्युटर आला त्या दुपारी अक्का लांबच उभ्या राहिल्या. "नाना, आता माझं काय काम?"

नाना म्हणाले, "भडगावच्या जमिनीचा दावा टाईप करा. उद्या दाखल करायचाय."

माझा हाती लिहिलेला मसुदा समोर ठेवून मी शेजारी बसून दाखवत होते. अक्कांची बोटं बिचकत चालली होती. तिसऱ्या पानावर त्या थांबल्या आणि त्यांच्या अहिराणी वळणाने म्हणाल्या, "पोरी, तू लिहिलेला गट नंबर चुकलाय. उताऱ्यावर वेगळा शे."

खरंच चुकला होता. ओशाळून मी त्यांना आकडा कसा पुसायचा ते दाखवलं. त्यांनी बरोबर आकडा घातला. अख्खं पान पुन्हा टाईप करायचं नाही, हे ध्यानात आलं तशा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी बठ्ठी, सगळी पानं उगाच बडवली!"

अक्कांना मी शिकवलं, असं तेव्हा वाटलं होतं. नानांनी मात्र कॉम्प्युटरपुढे दावा नीट वाचणारं माणूस बसवलं होतं. निवृत्त होईपर्यंत अक्का त्याच खुर्चीवर होत्या, आणि माझ्या कितीतरी चुका कोर्टात पोचण्याआधीच पुसल्या गेल्या.