कोप्यांवरची बत्तीस मुलं

नोव्हेंबर १९९४ च्या शेवटच्या शनिवारी बेलापूरजवळच्या आमच्या उपकेंद्रात तिघे होतो: तालुक्याचे साहेब, आरोग्यसेवक आणि मी. हिशोब गोवराच्या लशीचा होता. गावातल्या एकशे वीस मुलांपैकी एकशे चौदा जणांना लस टोचलेली, म्हणजे पंच्याण्णव टक्के.

आरोग्यसेवक माझे शेजारी. मी पतसंस्थेत हिशोब लिहितो, म्हणून भागाकार तपासायला मला बोलावत. घरी किती पोरं, याला ‘तीन-चार’ असं उत्तर त्यांना चालत नसे. “तीन का चार, माय? अर्धं पोर लिहिता येत न्हाई मला,” म्हणत दारातच उभे राहत.

त्या आठवड्यात ते सायकलवरून ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर, गेले आणि लस न टोचलेली बत्तीस मुलं मोजून आले. ती धरल्यावर आमचे टक्के पंचाहत्तर झाले.

साहेब चिडले. “ही आपल्या गावची आहेत का? काढा ती. मला जिल्ह्यात तळाला बसवता काय?”

“साहेब, लस आकड्यावर येती. आकड्यातच न्हाईत, त्यांना कुठली टोचू?” आरोग्यसेवकांनी हिशोबाचा तक्ता आणि पेन पुढे सरकवलं. “तुमी खोडा, अन् खाली सही करा.”

“भागाकार बरोबर आहे,” एवढंच मी बोललो.

साहेबांनी पेन उचललं नाही. तक्ता तसाच जिल्ह्याला गेला. पुढच्या महिन्यात बत्तीस मुलांची लस आली आणि आरोग्यसेवकांना कामात कसूर केल्याची नोटीस. नोटिशीची घडी खिशात घालून ते वीटभट्टीवरची मुलं मोजायला निघाले.