आईचा काढा आणि गोव्याची बोट

मी आयुष्यात एकदाच तस्करी केली आहे, आणि तीही आईच्या पिशवीतून.

नाशिकला माझं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान आहे. त्यामुळे कुठलाही पातळ पदार्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी, थेंबही न सांडता, कसा न्यायचा यात आपला हात कुणी धरू शकणार नाही असा माझा समज होता. (होता. आता मी नळ्या फक्त विकतो.)

झालं असं, की आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. मीना, म्हणजे माझी बायको, दिंडोरीकडची. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, आयुष्यभर खायची द्राक्षं पिकवली. ते गेल्यावर तिच्या दादाने बांधाकडच्या तुकड्यात वाइनची द्राक्षं लावली आणि त्या तुकड्यातून निघालेल्या पहिल्या वाइनची एक बाटली मीनाला आणून दिली. "मीने, अण्णांच्या हातच्या मातीतली आहे," एवढंच म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

मीना काही पिणाऱ्यांतली नाही. पण त्या बाटलीकडे बघून तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "अहो, ही आपण दोघांनीच प्यायची. बोटीवर. सूर्य मावळताना. एकेक ग्लास." पंचवीस वर्षांत या बाईने माझ्याकडे हट्ट असा केलाच नव्हता. मी त्याच दिवशी मुंबई ते गोवा बोटीची दोन तिकिटं काढली.

दोन तिकिटं काढली हे मी आईला सांगितलं, ही पहिली चूक.

"जा हो, जा," आई म्हणाली. "आमचं काय! आम्ही फोटो बघू."

तिकिटं तीन झाली. मग आईला सोबत नको का? म्हणून सिन्नरहून माझे मामा आले. मामा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. व्यसनमुक्तीवर त्यांनी इतकी भाषणं दिली आहेत, की सिन्नर तालुक्यातल्या निम्म्या शाळांची पोरं त्यांना पाहिलं की अजूनही शपथेसाठी हात पुढे करतात. 'आपण दोघांनीच' या गोष्टीचे असे चार झाले. मीना फक्त म्हणाली, "बाटली तेवढी विसरू नका."

आणि मग बोटीचे नियम आले. मोबाइलवर आलेल्या त्या नियमांची पहिलीच ओळ होती : बाहेरून मद्य आणण्यास मनाई आहे.

नियम बरेच लांबलचक होते. पण शहाण्या माणसाला पहिली ओळ पुरते! मी मोबाइल खिशात टाकला आणि डोकं चालवायला घेतलं.

आता आमच्या आईच्या काढ्याविषयी सांगायला हवं. आमच्या घरातला कुणीही माणूस गावाबाहेर निघाला, की आई त्याला काढा पाजते. सुंठ, ओवा, बाळंतशेपा, काळं मीठ आणि आणखी काय काय, ते ती मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही. गाडी लागू नये, बोट लागू नये, पाणी बाधू नये, नजर लागू नये, सगळ्याला तोच काढा. तो औषधाच्या दुकानातून आणलेल्या तपकिरी बाटल्यांत भरलेला असतो. बाहेरून आत काय आहे ते दिसत नाही. (आत काय आहे ते दिसलं असतं तर मी लहानपणीच घर सोडून गेलो असतो.)

मी तशीच एक तपकिरी बाटली मिळवली. स्वच्छ धुतली, वाळवली आणि दादाची वाइन तीत ओतली. एक थेंब सांडला नाही! काढ्याच्या बाटल्या आई मोजत नाही; तिने प्रवासासाठी भरलेल्या बाटलीशेजारी ही ठेवली, तर दोन्ही अगदी जुळ्या दिसायला लागल्या. ओळखायची कशी? म्हणून वाइनच्या बाटलीच्या गळ्याला मी देवघरातली नाडाछडी बांधली. पूजेचा लाल दोरा. लांबूनही दिसावा असा.

"बाई गं! काढ्याला दोरा बांधलास?" आईने विचारलं.

"प्रवासाला निघतोय ना. असावा आपला," मी म्हणालो.

आई माझ्याकडे बघतच राहिली. मुलगा पन्नाशीत का होईना, धर्माला लागला, म्हणून तिला भरून आलं असावं. तिने दोन्ही बाटल्या आपल्या पिशवीत ठेवल्या. "औषध माझ्याजवळच बरं," म्हणाली. मला तर हेच हवं होतं. सत्तरी ओलांडलेल्या, नऊवारीतल्या बाईची पिशवी कोण तपासणार?

बंदरावर तपासली.

सुरक्षेवरच्या माणसाने पिशवीतून चिवडा काढला, मनुका काढल्या आणि मग दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ थेट पायमोज्यात उतरला.

"इसमें क्या है, माताजी?"

"काढा. बोट लागू नये म्हणून. घे, वास घे."

त्याने बिनदोऱ्याच्या बाटलीचं बूच काढलं आणि खोल श्वास घेतला. बिचाऱ्याला खोल श्वास घ्यायची काय गरज होती! त्याचे डोळे पाणावले, ठसका लागला. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"और दूसरे में?"

"दुसऱ्यातही काढाच. ह्याहून कडक," मी आईच्या मागून ओरडलो.

त्याने दुसऱ्या बाटलीला हातसुद्धा लावला नाही. "जाइए, माताजी," तो हात जोडून म्हणाला. मी मीनाकडे पाहून भुवई उडवली. मीना हसली. त्या क्षणी मी स्वतःला फार मोठा माणूस समजत होतो.

बोट सुटली. सूर्य मावळायला अवकाश होता, पण मी लगेच वरच्या मजल्यावर धावलो. कठड्याशी, पश्चिमेकडे तोंड करून असलेल्या दोन खुर्च्या हेरल्या आणि दोन्हींवर रुमाल टाकले. (नाशिक-पुणे एसटीत बाहेरून रुमाल टाकून जागा धरत मोठा झालेला माणूस आहे मी.) पण बोटीवरच्या लोकांना रुमालाचा अर्थच कळेना! एक बाई तर तो उचलून "भैया, आपका गिर गया" म्हणत माझ्या हातात देऊन खुर्चीत बसायला लागल्या. शेवटी मीच एका खुर्चीत बसलो आणि दुसरीवर पाय पसरले. पहारा देत बसलो तो बराच वेळ. म्हटलं, ऊन जरा उतरलं की खाली जायचं, आईच्या पिशवीतून दोऱ्याची बाटली अलगद काढायची आणि मीनाला वर घेऊन यायचं.

ऊन उतरलं. एका आजोबांना खुर्च्यांवर लक्ष ठेवायला सांगून मी खाली गेलो. आमच्या खोलीच्या बाहेर रांग होती.

चांगली पंधरा-वीस माणसांची रांग! दारात खुर्ची टाकून आई बसली होती. हातात छोटी वाटी, मांडीवर तपकिरी बाटली. बाटलीच्या गळ्याला लाल दोरा.

"आई!" मी किंचाळलो. "हे काय करतेस?"

"अरे, त्या समोरच्या खोलीतल्या मुलीला मळमळत होतं. दिला थोडा. लगेच उतार पडला! मग तिने तिच्या आईला आणलं, आईने शेजारणीला. आता कुणाला नाही म्हणू?"

"पण हीच बाटली का?"

"तू दोरा बांधलास ना! म्हटलं, मुलाने एवढं मनापासून काही केलंय, तर आधी हीच काढू." मग आवाज खाली आणून म्हणाली, "जरा आंबलाय रे. पण काढा आंबला की गुण वाढतो. आसवासारखा होतो."

मी बाटलीकडे हात नेला, तेवढ्यात आतून गाण्याचा आवाज आला. मामा! मामा पलंगावर मांडी घालून, डोळे मिटून, हाताने ताल धरत गात होते. मामांना मी तोवर राष्ट्रगीताखेरीज काहीही गाताना ऐकलं नव्हतं.

"ये, ये!" मामा म्हणाले. "अरे, तुझी आई म्हणजे धन्वंतरी आहे. तीन वाट्या घेतल्या मी. गुडघा दुखायचा थांबला! हा काढा शाळाशाळांतून वाटला पाहिजे."

आता मी काय सांगणार? खरं बोलावं, तर मामांची आयुष्यभराची तपश्चर्या पाण्यात. (पाण्यात असती तरी परवडलं असतं.) आईने तर तिथूनच समुद्रात उडी घेतली असती. आणि गप्प बसावं, तर डोळ्यांदेखत अण्णांच्या बांधाकडचा तुकडा वाटीवाटीने संपत होता. मीनाने आयुष्यात एक गोष्ट मागितली होती. एक!

"आई, बाटली दे. तो काढा जुना आहे."

"जुना? परवा केलाय!"

"मग नवा आहे. मुरलेला नाही."

"तू बाजूला हो. लोक ताटकळलेत."

रांगेत पुढे एक धिप्पाड गृहस्थ होते, लासलगावचे कांद्याचे व्यापारी. त्यांनी वाटी तोंडाला लावली, घोट जिभेवर घोळवला आणि डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, लय गुणकारी हाय काढा," ते म्हणाले. "अजून वाईच द्या. मला पोटात लय ढवळतंय."

आईने बाटली उपडी केली. शेवटचा थेंब त्यांच्या वाटीत पडला. मी भिंतीला टेकलो.

वाटी चाटूनपुसून स्वच्छ करून व्यापारी माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, "साहेब, कुठल्या बागेतला म्हनायचा हा काढा?"

"दिंडोरी," मी हताशपणे म्हणालो.

"तरीच! पन मंग हा चोरून का आनला? वाइनची एक बाटली चालती की बोटीवर. मी आनली ना उघड. जेवनाच्या टेबलावर बसून प्यायची, एवढंच. बाकी दारू नाय चालत. नियमातच हाय, खाली लिवलेलं. वाचलं नाय व्हय?"

माझा चेहरा पांढराफटक पडला असणार, कारण आईचं लक्ष गेलं.

"अगंबाई, ह्यालाच लागली की बोट! घाबरू नकोस, दुसरी बाटली आहे."

आणि माझ्या आईने बिनदोऱ्याची बाटली उघडली. रांग अदबीने दोन पावलं मागे सरकली. आईने वाटी काठोकाठ भरली, डाव्या हाताने माझं नाक दाबलं आणि पन्नाशीच्या, टक्कल पडलेल्या, स्वतःचं दुकान असलेल्या मुलाला सगळ्यांसमोर काढा पाजला. खरा काढा. "अजून अर्धी घे," म्हणत आणखी एक वाटी.

मी कसाबसा वर गेलो. खुर्च्या शाबूत होत्या. एकीत मीना बसली होती, पाय लांब करून, केस वाऱ्यावर सोडून. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. तिच्याजवळ जाताना मला खरंच रडू फुटायच्या बेतात होतं.

"मीना," मी म्हणालो, "फार वाईट झालं गं. दादाची वाइन संपली. सगळी. आईने काढा म्हणून वाटून टाकली."

"माहितीये," मीना म्हणाली.

"माहितीये?"

"पहिल्याच वाटीला ओळखली मी. आई म्हणाल्या, सुनेने आधी घ्यावा, म्हणजे समोरची मुलगीही बिनधास्त घेईल." ती समुद्राकडे बघत हसली. "काय चव होती हो! अण्णा बागेतून यायचे ना, त्यांच्या शर्टाला असा वास यायचा. मग मी पुन्हा रांगेत उभी राहिले. आई म्हणाल्या, फारच मळमळतंय का गं? म्हटलं, हो. तिसऱ्यांदा गेले तर स्वतःच्या हाताने पाजली त्यांनी, डोक्यावरून हात फिरवला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा!" आणि ती इतकी हसायला लागली, की डोळ्यांतून पाणी आलं.

"तू मला बोलवायचं ना!"

"तुम्ही खुर्च्या सांभाळत होतात ना? म्हटलं, कशाला उठवा."

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि तेही माझ्या मदतीशिवाय मिळाल्यामुळे व्यवस्थित मिळालं होतं. मी तिचा हात हातात घेतला. सूर्य अर्धा बुडाला. वाऱ्याने जोर धरला, बोट जराशी डावीकडे झुकली, मग उजवीकडे झुकली आणि पोटातल्या दोन वाट्या सुंठ, ओवा, बाळंतशेपा नि काळं मीठ एकदम उठून उभं राहिलं.

तो सूर्यास्त फार सुंदर होता म्हणतात. मीनाने पाहिला. मी तेव्हा कठड्यावरून वाकून सरळ खाली बघत होतो आणि ती एका हाताने माझी पाठ चोळत होती.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आईच्या टेबलाभोवती गर्दी. कुणाला मळमळलं नाही, कुणाला चक्कर आली नाही, मामांचा गुडघा ठणठणीत. अख्ख्या बोटीवर बोट लागली ती एकट्या मला! पांढऱ्या भाताचा घास तोंडात धरून मी कोपऱ्यात बसलो होतो आणि आई लासलगावच्या व्यापाऱ्यांना सांगत होती, "काढ्यात काही दोष नाही हो. ह्याला लहानपणापासून औषधाचा गुणच येत नाही."