डुकराच्या खिम्याचे बर्गर

गेल्या वर्षी आप्पा, म्हणजे माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पाचोडहून आमच्याकडं बजाजनगरला आले, त्याच्या आदल्याच दिवशी माझे बर्गर फसले होते. लेक तेव्हा अकरावीत होती. मैत्रिणींना घरी बोलवायचं आणि विकतचे नाही, घरचे बर्गर खायला घालायचे, असं तिनं ठरवलं होतं. सराव म्हणून मी कोंबडीचा आणि बोकडाचा खिमा एकत्र करून टिक्क्या थापल्या. उलथणं लावलं की फुटायच्या. दोनच धड राहिल्या. बाकीचं सगळं परतून पावाबरोबर वाढलं, तर लेक म्हणाली, "मम्मी, हा खिमा-पाव झाला."

त्या दोन टिक्क्या दुसऱ्या दिवशी आप्पांच्या ताटात पडल्या. त्यांनी बराच वेळ चावल्या, वर पाणी प्यायलं.

"लई कोरड्या झाल्या पोरी. ह्यात चरबी कुठंय? बोकडाला कमी, कोंबडीला तर नायच. डुकराचं घाल."

लेक एकदम उठून बसली. तिनं बघितलेल्या व्हिडिओतही तेच सांगितलं होतं म्हणे, अर्धं डुकराचं आणि अर्धं दुसरं. पण मी नाही म्हणेन म्हणून ती बोलली नव्हती. तिचं चुकलं नव्हतं. डुकराचं मटण आमच्याकडं वर्षातून दोन-तीनदा होतं. आमच्या घरात ते कुणाला वर्ज्य नाही. पण मैत्रिणी येणार आणि आपण ते ताटात ठेवणार, हे काही माझ्या पचनी पडत नव्हतं. "बघू," एवढंच म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्याला धूर लागू द्यायचा नाही, आणि काळा गॉगल काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तोवर लेकीच्या हट्टापुढं मी हो म्हणून बसले होते. पार्टीच्या रविवारी सकाळी आप्पा तो गॉगल लावून माझ्या आधी तयार. "मटण म्या बघून घेणार," म्हणाले. डुकराचं मटण विकणाऱ्या दुकानदारानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "काका, शूटिंगला निघाले का?"

"खांद्याचं दे," आप्पा म्हणाले, "आन चरबी सोलू नको."

खिमा करायचं मशीन त्याच्याकडं नव्हतं. बोकडाचा आणि कोंबडीचा खिमा मी आदल्या दिवशीच शहागंजमधून आणला होता, पण तिथल्या मुसलमान खाटकाच्या यंत्रात हे घालायला सांगणं मला शोभलं नसतं. घरच्या मिक्सरमध्ये तर त्याची नुसती चटणी झाली असती. मग राहिला सत्तूर.

आप्पांना वाकायची बंदी, म्हणून मी फरशीवर लाकडी ठोकळा मांडून बसले आणि ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून.

"कापू नको, सत्तूर नुसता पडू दे. मनगट सैल सोड. आडवं झालं? आता उभं कर."

अर्ध्या तासात माझा खांदा भरून आला, पण खिमा दिसायला लागला. पांढरी चरबी लाल मांसात बारीक बारीक मिसळली होती. तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या काकू होत्या. वैजापूरकडच्या शेतकरी घरातल्या, आमच्या भिंतीला भिंत लागून दहा वर्षं राहतात.

"अगं, काय ठोकतीयस सकाळपासून? माझ्या भिंतीवरचं घड्याळ हलायला लागलं!"

'वांगी' असं माझ्या तोंडात आलंच होतं. हसू येण्यासारखीच गोष्ट, वांगी कुणी सत्तुरानं ठोकत नाही. पण लहानपणी घरी हे मटण झालं की शाळेत निघताना आई दारात सांगायची, "कुणी इचारलं तर वांग्याची भाजी सांग." एका मुलीला तरीही कळलंच, आणि तिनं आपला डबा उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला नेला. तेव्हापासून हा शब्द माझ्या जिभेवर बसलेला.

"डुकराचं मटण आहे, काकू," मी म्हणाले. "पोरीच्या मैत्रिणी येतायत. बर्गर करतेय."

काकूंनी ठोकळ्याकडं पाहिलं, मग आप्पांच्या गॉगलकडं.

"आमच्यात नाय खात बाई."

"माहितीय, काकू."

"आन समद्या पोरी हेच खातील व्हय?"

"नाही ना. दोघींसाठी कोंबडीचे करायचेत. पण तवा एकच आहे, तेच कोडं पडलंय."

काकू वळून आपल्या घरात गेल्या. झालं, मला वाटलं, आता महिनाभर बोलणं बंद. पाच मिनिटांनी त्या परत आल्या, हातात लोखंडी तवा आणि वर उलथणं.

"हा कोंबडीला घे. माझ्यासाठी एक ठेव. कोंबडीचा, बरं का!"

त्या गेल्यावर मी आप्पांना वांग्याची गोष्ट सांगितली. ते खुर्चीत हसून हलायला लागले.

"तुला वांगं सांगितलं व्हय? मला गवार सांगायची! कामावरचे म्हणायचे, लेका, तुझ्या घरी बारा महिने गवारच कशी?"

ते इतके हसले की डोळ्याकडं हात गेला आणि मला ओरडावं लागलं. हसून झाल्यावर म्हणाले, "तिला भ्या वाटायचं पोरी. आपल्याला कुणी टाकून बोलू नये, एवढंच." आई जाऊन सहा वर्षं झालीत.

मग डुकराच्या खिम्यात बोकडाचा निम्मा मिसळला. पिळून घेतलेला कांदा, आलं-लसूण, आमटीसाठी ठेवलेल्या येसराचा, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पुडीचा, एक चमचा आणि मूठभर डाळव्याचं पीठ घातलं. टिक्की तव्यावर पडली आणि स्वतःच्याच चरबीत चुरचुरायला लागली. उलटली, तर अख्खी! लेक किंचाळली. पहिली मोडून आत कुठं गुलाबी राहिलंय का ते पाहिलं, मग बाकीच्या टाकल्या.

दुपारी तिघी मैत्रिणी आल्या. लेकीनं दोन ताटं मांडून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, 'डुक्कर आणि बोकड', 'कोंबडी'. इतक्या मोठ्या अक्षरात! शहागंजहून आलेल्या मुलीला तिनं फोनवर आधीच सगळं सांगितलं होतं.

"आंटी, चिकनचा तवा अलग आहे ना?" तिनं विचारलं.

"वेगळा आहे बेटा. शेजारच्या काकूंचा."

तिनं निवांत दोन घेतले. दुसरी म्हणाली, "आम्ही डुकराचं नाय खात, पण वास लई भारी येतोय," आणि तिनंही कोंबडीचा उचलला. तिसरीनं डुकराचा घेतला, तो संपवून अजून एक घेतला आणि विचारलं, "आंटी, ह्यात टाकलंय काय?" मी येसर म्हणाले, तर तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

आता कुणीतरी ताट सरकवेल, म्हणून मी स्वयंपाकघरातून वाट बघत होते. कुणी सरकवलं नाही. मेयोनीज कुणी संपवलं यावरून मात्र कडाक्याचं भांडण झालं. आप्पांनी दोन्ही हातांनी धरून दोन बर्गर खाल्ले, आणि मिशीला लागलेलं मेयोनीज पुसायला पोरी त्यांना रुमाल देत बसल्या. काकूंनी आपला दारात उभ्या उभ्याच खाल्ला. मीठ कमी आहे म्हणाल्या.

डोळ्याची तपासणी करून आप्पा पाचोडला गेले. आठवडाभरानं बाजाराच्या दिवशी त्यांचा फोन आला. मागं माझ्या भावजयीचा आणि सत्तुराचा आवाज एकदमच येत होता.

"पोरी, इथं बाजारात गोल पाव नाय मिळाला. चौकोनी चालतो का?"

"चालतो आप्पा," मी म्हणाले. "टिक्की फुटली नाही म्हणजे झालं."