ताडीची साक्ष

पहाटेची बांग व्हायची तेव्हा लजहर खजुराच्या शेंड्यावर असायचा. वाळवंटाकाठच्या तोझूर गावातल्या बागेत त्याचं स्वतःचं एकही झाड नव्हतं. झाडं हाजी तिजानींची, चढणं लजहरचं. अनवाणी वर जायचं, शेंड्याला चीर द्यायची, रात्रभर भरलेलं मडकं एका हाताने उतरवायचं. चीर खोल गेली तर झाड मरतं, उथळ राहिली तर मडकं कोरडं. त्याच्या हातून एकही झाड मेलं नाही.

नीरा तो ऊन तापायच्या आत विकायचा आणि उरलेली ओतून द्यायचा. दुपारी तिची ताडी होते, आणि हाजींची अट साफ होती: ताडी विकलीस तर झाडं दुसऱ्याला.

एकदा एक बेल्जियन पाहुणा आला. त्याला ताडीच हवी होती. लजहरने नाही म्हणून सांगितलं. पाहुण्याने मग कॅनभर ताजी नीरा घेतली आणि कोंबडी अंड्यांवर बसावी तसा बाजारातल्या भिंतीशी, भर उन्हात, कॅन राखत बसला. मधूनमधून झाकण उघडून चाखायचा, मान हलवायचा, पुन्हा बसायचा. अख्खा बाजार कामधाम सोडून त्याच्याबरोबर वाट बघत होता. दुपार कलली आणि पाहुणा गाऊ लागला.

हाजी तरातरा आले. झाडं काढून घेतो म्हणाले. लजहरचं म्हणणं एवढंच, की आपण नीरा विकली, पुढचं काम उन्हाने केलं. तेवढ्यात बशीर न्हाव्याने हळूच विचारलं, पण ही ताडी आहे असं म्हणतंय कोण? चाखून सांगायला हवं. कुणी पुढे होईना. चाखणारा पापी, आणि आधी कधी चाखलीच नसेल तर ओळखणार कशी?

पाहुण्याने मोठ्या मनाने कॅन पुढे केला. हाजींनी तो हिसकावून नाकाला लावला.

"ही काय नीरा आहे? चांगली चढलीय. अजून तासभर राहिली असती तर घशाला चटका बसला असता."

"आम्हाला चटक्यातलं काय कळतंय, हाजी," बशीर म्हणाला. "तुम्ही म्हणता म्हणजे बसत असेल."

कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट झालं. हाजींनी झाकण घट्ट लावलं.

"नीराच असेल," म्हणाले आणि घरी गेले.

झाडं लजहरकडेच राहिली. गुडघे जाईपर्यंत तो चढला. साठलेल्या पैशांतून त्याने हाजींकडूनच एक पूर्ण वाढलेलं झाड विकत घेतलं. त्याला मात्र कधी सुरी लावली नाही, कुणाला लावू दिली नाही.

"मग घेतलं कशाला?" बायकोने विचारलं.

"खाली बसायला," लजहर म्हणाला.