डोळ्यांत न खुपणारा दिवा

वहिनींच्या जेवणाच्या टेबलावर एक पांढरा दिवा लोंबतो. एकाखाली एक पसरट ताटल्या उपड्या टांगाव्यात तसा तो दिसतो, आणि बल्ब त्यांच्या आत लपलेला असतो. डेन्मार्क नावाच्या देशातल्या कुणीतरी फार वर्षांपूर्वी विचार करून तो घडवला, असं वहिनी सांगतात.

काल संध्याकाळी पाहुणे आले होते. "कुठल्याही खुर्चीवर बसून बघा, बल्ब डोळ्यांत खुपणार नाही," वहिनी म्हणाल्या. सगळे हसत हसत खुर्च्या बदलत राहिले. मी स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर चहा पीत होते. तिथून मात्र बल्ब सरळ डोळ्यांत खुपतो.

"मावशी, तुम्हीपण या की!" एक पाहुणी म्हणाली.

"छे हो, मावशींना खालीच बरं वाटतं," वहिनी म्हणाल्या.

त्या खोटं बोलल्या नाहीत. मी या घरी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी खुर्ची पुढे केली होती, आणि लाजून मीच तसं म्हणाले होते. आपल्याकडे पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं, मग समोरच्याने आग्रह करायचा असतो. त्यांनी तो केला नाही. आता गुडघे वाकत नाहीत, दाराची चौकट धरून उठावं लागतं, पण बोललेलं परत कसं घेऊ?

दिवा करणाऱ्याने खुर्चीवरच्या सगळ्यांचे डोळे जपले. खाली कुणी बसत असेल, हे त्याला कुठून सुचणार? मी मान खाली घालून चहा संपवला. डोळे मिटले, तरी तो बल्ब आत जळतच होता.