आजचा रंग पिवळा

आमच्या घरात काही सापडेनासं झालं की पहिली हाक मला. नवऱ्याला फ्रिजमध्ये पुढ्यातच ठेवलेलं दही दिसत नाही, मुलीला स्वतःच्या डोक्यावर सरकवलेला चष्मा दिसत नाही. मी ओट्यापाशी उभ्या उभ्या सगळ्यांना जागा सांगते. आणि त्या मला सासूबाई सापडू नयेत?

नवरात्र होतं, दिवस पिवळ्या रंगाचा. बदलापूर गावाहून आमच्याकडे अंबरनाथला आलेल्या सासूबाईंना घेऊन मी उल्हासनगरच्या कापडबाजारात गेले. त्यांना हल्ली मधूनच भोवळ येते, म्हणून हात सोडायचा नाही असं ठरलेलं. पण नवऱ्याचा फोन आला. पाण्याचा टँकर आलाय, टाकीची किल्ली कुठे आहे? ती सांगते तोवर मुलीचा फोन. तिला उद्याची करडी ओढणी हवी होती. फोन ठेवून बघते तर शेजारी कोणी नाही.

मी पिवळी साडी शोधत सुटले. काय हे डोकं! अख्खा बाजार पिवळा. पाठमोरी प्रत्येक बाई मला सासूबाईच वाटायची आणि पुढे जाऊन बघावं तर भलतीच कोणी. एका सिंधी दुकानदाराला विचारलं, "पीली साडी में बूढ़ी अम्मा देखी क्या?"

"भाभी, आज तो मेरी घरवाली भी पीली में है."

मला रडू येत होतं. कुठे कोसळल्या असतील तर? आणि तेवढ्यातही मेलं डोकं थांबेना: टाकी भरली का, आरतीचा प्रसाद, ओढणीला इस्त्री.

कुणीतरी माझा पदर ओढला. दुकानाच्या पायरीवर सासूबाई बसल्या होत्या. हिरव्या साडीत.

"मी तर हितंच होती. दोनदा माझ्या तोंडाकडं बघून गेलीस."

"पण तुम्ही पिवळी नेसणार होतात ना!"

"सकाळी सांगितलं ना, ती टोचते, हिरवी नेसते. तू हो हो म्हणालीस."

म्हणाले असेन. दिवसभर मी सगळ्यांनाच हो हो म्हणत असते. रिक्षात शेजारी बसून आले, तरी मला ते हिरवं दिसलं नव्हतं.

"मग हाक तरी मारायची, आई!" मी भर बाजारात ओरडलेच.

त्यांनी माझा पदर सोडला.

"तू तोंडातल्या तोंडात कायतरी घोकत होतीस. म्हटलं, मधी बोललं तर इसरशील."